बॅरोच्या गोदीतील तीन जहाजे

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी एकाच समारंभात नौदलात दाखल झाल्या. तिन्हींची बांधणी माझगाव गोदीतली. पुढे साडेपाच महिन्यांनी, १ जुलै रोजी, रशियातील कालिनिनग्राद येथे ‘तमाल’ ताफ्यात आली आणि परदेशात बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका असेल, असे नौदलाकडून सांगण्यात आले. या दोन्ही प्रसंगी वृत्तपत्रांनी आनंद व्यक्त केला. तो रास्तच होता. परंतु ज्याचे आयुष्य शासकीय नस्तींमध्ये गेले, त्याला एक खोड जडलेली असते. समारंभाची तारीख ही त्याच्या लेखी नस्तीतील शेवटच्या पानावरची नोंद असते. पहिले पान कोणत्या दिवशी लिहिले गेले आणि त्या पानावर नेमके काय मागितले होते, याकडे त्याचे लक्ष जाते. युद्धनौकांच्या बाबतीत ही खोड उपयोगी पडते, असे माझे मत आहे. आणि त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेस नावाचे एक गाव आहे. तेथील जहाजबांधणीची गोदी १८९७ साली व्हिकर्स कंपनीने विकत घेतली. या गोदीतून पुढील सोळा वर्षांत बाहेर पडलेल्या असंख्य नौकांपैकी तीन आपल्या कामाच्या आहेत. पहिली ‘मिकासा’. जपानने मागविलेली ही सुमारे पंधरा हजार टनांची युद्धनौका मार्च १९०२ मध्ये जपानी आरमारात दाखल झाली. तीन वर्षांनी, मे १९०५ मध्ये, ॲडमिरल टोगो यांनी त्सुशिमाच्या लढाईत तिच्यावरूनच रशियन आरमाराचा धुव्वा उडवला. दुसरी ‘डफरिन’. तिचे जलावतरण १९०४ साली झाले आणि ती मुंबईस आली, ‘रॉयल इंडियन मरीन’ या खात्याच्या सेवेत. तिसरी ‘कोंगो’, पुन्हा जपानसाठी, चौदा इंची तोफांची युद्धक्रूझर. ती ऑगस्ट १९१३ मध्ये दाखल झाली.

एकच गाव, एकच कंपनी, जवळपास तेच कारागीर. जपान आणि हिंदुस्थान हे दोघेही त्या गोदीचे आशियाई गिऱ्हाईक होते आणि दोघांनीही रोख दाम मोजले. तरीही १९१५ साल उजाडेपर्यंत एकाकडे स्वतःच्या गोद्यांत महाकाय युद्धनौका बांधण्याची ताकद आली होती, तर दुसऱ्याकडे सैनिकांची ने-आण करणारी काही जहाजे होती. ‘आपण पारतंत्र्यात होतो’ हे या फरकाचे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पारतंत्र्य मागणीपत्रात कसे उतरले होते, हे पाहिले म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळातील काही गोष्टीही स्पष्ट होतात.

प्रथम ‘डफरिन’ ज्या खात्यात आली त्या खात्याविषयी. ईस्ट इंडिया कंपनीचे स्वतःचे लढाऊ आरमार होते आणि १८३० पासून ते ‘इंडियन नेव्ही’ या नावाने ओळखले जाई. १८६३ च्या एप्रिलअखेर ते बरखास्त करण्यात आले. हिंदुस्थानच्या समुद्राचे रक्षण यापुढे ब्रिटिश आरमार करील आणि येथे केवळ बिनलढाऊ खाते राहील, असे ठरले. १८९२ साली त्या खात्याला ‘रॉयल इंडियन मरीन’ असे भारदस्त नाव मिळाले. त्याच्याकडे कामे होती ती अशी : पलटणी व दारूगोळा एडन, ब्रह्मदेश, अंदमान, इराणचे आखात येथे पोहोचविणे, समुद्राची मोजणी करणे, दीपगृहांची व्यवस्था पाहणे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या सेवेत आलेली मोठी जहाजे या कामांसाठीच होती. ‘हार्डिंज’ १९०० साली ग्लासगोच्या फेअरफील्ड गोदीत पाण्यात उतरली, ‘नॉर्थब्रुक’ १९०७ साली क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत. मध्ये ‘डफरिन’. तिन्ही गव्हर्नर-जनरलांच्या नावांची, तिन्ही सैन्यवाहू. युद्ध पेटल्यास ती ब्रिटिश आरमाराच्या हुकमतीखाली देता यावीत, अशी कायद्यातच तरतूद होती.

या खात्यावर अधिकारी सगळे गोरे. खलाशी मात्र मुख्यत्वे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांतही कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा. मुंबई गोदीतल्या कामगारांविषयी वेगळे सांगायला नको. हाताची कमतरता येथे कधीच नव्हती. लवजी नुसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने मलबारी सागाची जी जहाजे बांधली, त्यांची कीर्ती जगभर पसरली. मुंबईत १८१३ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली नानजिंगचा तह झाला. मुंबईच्याच ‘एशिया’वर १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाण होते. १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. परंतु जहाज लाकडाचे लोखंडाचे झाले, शिडाऐवजी वाफ आली, आणि ज्या गोदीने ब्रिटनला लढाऊ जहाजे पुरवली ती दुरुस्तीच्या कामापुरती उरली. १९०४ साली ‘डफरिन’ मुंबई बंदरात आली तेव्हा तिचा बिघाड काढू शकणारे कारागीर गोदीत होते. तिचे आराखडे बॅरोला होते आणि तिच्या पोलादाची भट्टी इंग्लंडात. जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिले पोलाद बाहेर पडायला १९१२ साल उजाडावे लागले.

आता हिशेब. ‘मरीन’चा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून होत असे. त्याखेरीज ब्रिटिश आरमार हिंदी महासागराचे रक्षण करते म्हणून दरवर्षी एक लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने पंधरा लाख रुपये, विलायतेला दिले जात. १९३८ पर्यंत ही वर्गणी चालू होती. हिंदुस्थानने किमान सहा आधुनिक संरक्षक नौका स्वतःच्या खर्चाने बाळगाव्यात, या अटीवर अखेर ती बंद झाली. नामदार गोखले यांनी १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांत लष्करी खर्चावरील टीका सातत्याने आढळते. त्या टीकेचा मुख्य रोख भूसेनेवर होता आणि ते स्वाभाविकही होते, कारण खर्चाचा डोंगर तेथेच होता. मला मात्र नेहमी असे वाटत आले आहे की, समुद्राच्या बाबतीत आपल्या त्या पिढीने बिल पाहिले आणि बिलाच्या बदल्यात काय मिळते हे विचारण्याचे राहून गेले. जपानच्या विजयाने आनंदित झालेल्या आपल्या सुशिक्षितांना ‘मिकासा’चे नाव परिचित होते. आपले ‘डफरिन’ त्याच गोदीतून आले आहे, या योगायोगाने कुणाला अस्वस्थ केले असेल काय, न कळे.

वर्गणीला पर्याय नव्हता असे नाही. ऑस्ट्रेलियासुद्धा १९०३ च्या करारान्वये ब्रिटिश आरमारासाठी दरसाल दोन लाख पौंड देत होता, म्हणजे आपल्या दुप्पट. ब्रिटिश साम्राज्याचाच तो भाग. पण तेथे निवडून आलेले सरकार होते आणि त्या सरकारला ही व्यवस्था खटकू लागली. पैसा आपला, जहाजे मात्र संकटकाळी कुठेही निघून जाणार, हे त्यांना मान्य नव्हते. १९०९ च्या साम्राज्य संरक्षण परिषदेनंतर त्यांनी स्वतंत्र ताफा उभारायचे ठरवले आणि १९११ साली त्याला ‘रॉयल ऑस्ट्रेलियन नेव्ही’ हे नाव मिळाले. मला त्यातली एक लहानशी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या तीन विनाशिकांपैकी ‘वॉरेगो’ ही स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी बांधून, नंतर तिचे भाग सुटे करून जहाजाने सिडनीस नेण्यात आले आणि तेथील कॉकाटू बेटावरच्या गोदीत ती पुन्हा जोडण्यात आली. हिशेबाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. तयार जहाज स्वतःच्या वाफेवर चालत आले असते तर खर्च व वेळ दोन्ही वाचले असते. परंतु ऑस्ट्रेलियन कारागिरांना जोडणी शिकायची होती आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला त्यांचे सरकार तयार होते. ‘हार्डिंज’ आणि ‘नॉर्थब्रुक’ त्याच क्लाइडकाठच्या. त्यांच्या मागणीपत्रात असे कलम घालण्याचा विचार इंडिया ऑफिसातल्या कोणाच्या मनात यावा, अशी अपेक्षा करणेही व्यर्थ होते.

या दोन धोरणांची गाठ १९१४ साली हिंदी महासागरात पडली. जर्मनीची ‘एम्डेन’ ही हलकी क्रूझर १९०९ साली सेवेत आलेली. महायुद्ध सुरू होताच ती एकटीच हिंदी महासागरात उतरली. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि अंधारात निघून गेली. पूर्व किनाऱ्यावर घबराट पसरली, अनेकांनी शहर सोडले. तमिळ बोलीत ‘एम्डेन’ हा शब्द चलाख, बेरकी माणसासाठी रुळला. दरसाल पंधरा लाख रुपये ज्या संरक्षणासाठी दिले जात होते, ते त्या रात्री मद्रासच्या समुद्रात नव्हते. ‘एम्डेन’ला पुढे ९ नोव्हेंबर रोजी कोकोस बेटांजवळ ज्या नौकेने गाठून निकामी केले, ती होती ‘सिडनी’: १९१३ साली सेवेत आलेली ऑस्ट्रेलियन नौदलाची क्रूझर. वर्गणी बंद करणाऱ्या देशाच्या जहाजाने वर्गणी भरणाऱ्या देशाचा शत्रू बुडवला.

आपल्या तीन जहाजांनीही महायुद्धात कामगिरी बजावली, हे नमूद केले पाहिजे. ‘हार्डिंज’वर फेब्रुवारी १९१५ मध्ये सुवेझ कालव्यात तुर्की तोफखान्याने गोळे टाकले, आणि पुढे तांबड्या समुद्रात अरब बंडाला रसद पोहोचविण्यात तिचा मोठा वाटा होता. लॉरेन्सच्या आठवणींत तिचा उल्लेख येतो. त्या जहाजांवर राबणाऱ्या कोकणी माणसांची नावे त्या आठवणींत नाहीत.

जपानकडे वळू. ‘मिकासा’ मागविली तेव्हा जपानला एवढी मोठी नौका स्वतः बांधता येत नव्हती, हे त्यांनी कबूल केले होते. पण ‘मिकासा’ येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १९०६ मध्ये, योकोसुका येथील सरकारी गोदीत ‘सात्सुमा’ ही तिच्याहून मोठी युद्धनौका पाण्यात उतरली. तिच्यात परदेशी सामग्री पुष्कळ होती आणि रचनेत ती लवकरच मागे पडली; त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘ड्रेडनॉट’ने जगातील सर्वच युद्धनौका जुन्या ठरवल्या होत्या. मग जपानने काय केले? स्वाभिमानाचा प्रश्न न करता ते पुन्हा बॅरोला गेले. या वेळच्या करारात त्यांनी एकच जहाज मागितले, पण त्याचे संपूर्ण आराखडेही मागितले. आपले अभियंते व कारागीर बांधणीच्या काळात गोदीत राहतील, ही अट घातली. ‘कोंगो’ बॅरोत आकार घेत असतानाच तिच्या भगिनी जपानात उभ्या राहत होत्या. ‘हिएई’ योकोसुकाच्या सरकारी गोदीत. ‘हारुना’ कोबेला कावासाकी कंपनीकडे. ‘किरिशिमा’ नागासाकीत मित्सुबिशीकडे. शेवटच्या दोन खासगी गोद्या. सरकारी गोदीने शिकलेले खासगी उद्योगाकडे कसे पोहोचवायचे, या प्रश्नावर आपल्याकडे आजही परिसंवाद होतात. जपानने तो १९११ साली मागणीपत्रात सोडवला. १९१५ च्या एप्रिलमध्ये चौथी नौका दाखल झाली आणि त्यानंतर जपानने मोठी युद्धनौका बाहेरून मागवली नाही.

या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास भाबडा ठरेल. ‘कोंगो’चे कंत्राट व्हिकर्सला मिळावे म्हणून जपानी आरमाराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लाच दिली गेल्याचे १९१४ च्या प्रारंभी उघड झाले. सीमेन्स कंपनीच्या प्रकरणातून ते बाहेर आले. टोकियोच्या रस्त्यांवर जमाव उतरला, खटले झाले, अधिकारी तुरुंगात गेले आणि मार्चमध्ये पंतप्रधान यामामोतो यांचे मंत्रिमंडळ कोसळले. आरमाराच्या नव्या विस्ताराचा अर्थसंकल्पही त्या गदारोळात अडकला. तथापि कोबे आणि नागासाकीच्या गोद्यांतील हातोडे थांबले नाहीत. अपराध्यांना शिक्षा झाली, जहाजे पूर्ण झाली.

हा तपशील वाचताना माझ्या पिढीच्या प्रशासकांना १९८७ आठवल्यावाचून राहत नाही. १९८१ च्या डिसेंबरमध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील येथे बांधायच्या आणि दोन माझगावला, आपल्या हातांनी. जपानच्या ‘कोंगो’ करारासारखाच हा करार होता, आणि सत्तर वर्षे उशिरा का होईना, मागणीपत्रात योग्य ते मागितले गेले होते. माझगावच्या वेल्डरांनी व अभियंत्यांनी जर्मनीत जाऊन प्रशिक्षण घेतले. पाणबुडीच्या कवचाचे वेल्डिंग हे जहाजबांधणीतील सर्वांत कठीण काम, कारण खोल पाण्याच्या दाबाखाली जोडातील केसाएवढी चीरही प्राणघातक ठरते. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ १९८६ साली कीलहून आल्या. आणि पुढच्याच वर्षी दलालीचे आरोप झाले. तत्कालीन संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह, जे पूर्वी आमच्या उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री होते, त्यांनी चौकशीचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत मंत्रिपद सोडले. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती. त्यांच्या त्या निर्णयाविषयी माझ्या मनात आदर आहे. पण त्यानंतर जे घडले ते कुणी निर्णय घेऊन घडवले नाही, आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. माझगावला ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये पूर्ण झाली. पुढच्या दोन पाणबुड्यांचा पर्याय मावळला. कंपनीशी व्यवहार थांबले. नवी मागणी निघाली नाही. शिकलेले हात अन्य कामांना लागले, काही निवृत्त झाले, काही सोडून गेले. लाच घेतल्याचा संशय ज्यांच्यावर होता त्यांचे पुढे काय झाले हे शोधावे लागते. वेल्डरांचे काय झाले हे मात्र स्पष्ट आहे.

‘शंकुल’नंतर माझगावची पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. तेवीस वर्षांचे अंतर. मध्ये २००५ साली फ्रान्सशी सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला होता आणि पहिली २०१२ मध्ये अपेक्षित होती. उशिराची कारणे अनेक सांगितली गेली, आणि त्यांत तथ्यही होते. सामग्रीची खरेदी वेळेवर झाली नाही, तंत्रज्ञान आत्मसात करण्यास वेळ लागला. पण तंत्रज्ञान आत्मसात करण्यास वेळ लागला याचा सरळ अर्थ असा की एकदा शिकलेले पुन्हा शिकावे लागले, आणि त्याची किंमत पुन्हा मोजावी लागली.

प्रशासनात काम केलेल्याला ठाऊक असते की निर्णय न घेणे हा सर्वांत सुरक्षित निर्णय असतो. खरेदीच्या नस्तीवर सही करणाऱ्याला वीस वर्षांनी चौकशीची नोटीस येऊ शकते. सही न करणाऱ्याला कधीच येत नाही. लेखापरीक्षणात जादा मोजलेल्या रुपयाचा परिच्छेद होतो, वाया गेलेल्या कौशल्याचा होत नाही, कारण त्याला लेखाशीर्षच नसते. १९८७ नंतरच्या दोन दशकांत संरक्षण खरेदीत जी शिथिलता आली, तिचे मूळ या साध्या गणितात आहे. काळ्या यादीत कंपनी घालणे सोपे असते. तिच्याबरोबर आपण आपली गोदीही त्याच यादीत घालतो आहोत, हे टिपणीत लिहिण्याचे धाडस फार थोड्यांनी केले.

आता ‘वागशीर’. स्कॉर्पीन मालिकेतील ती सहावी आणि अखेरची. ती दाखल झाली त्या दिवशी तिच्यानंतर येणाऱ्या एकाही पाणबुडीचा करार झालेला नव्हता. ‘पी-७५ आय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा पाणबुड्यांची निविदा जुलै २०२१ मध्ये निघाली होती. आणखी तीन स्कॉर्पीन घेण्यास संरक्षण खरेदी मंडळाने जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली होती. तत्त्वतः मान्यता आणि करार यांच्यामध्ये किती पावसाळे जातात, हे दिल्लीत काम केलेल्या कुणालाही विचारावे. तेवढ्या पावसाळ्यांत गोदीतील एक पिढी बदलते.

हा धोका आपल्यापुरता नाही. ज्या बॅरोपासून हा लेख सुरू केला, ती गोदी आज ब्रिटनच्या अणुपाणबुड्या बांधते. १९९९ साली ‘व्हेंजन्स’ सेवेत गेली आणि पुढच्या ‘ॲस्ट्यूट’ वर्गाचे काम सुरू होण्याआधी मोठी पोकळी पडली. हजारो कामगार गेले. मग ‘ॲस्ट्यूट’ रखडली, खर्च वाढला, आणि २००३ नंतर अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीच्या तज्ज्ञांना मदतीसाठी बॅरोला बोलवावे लागले. ‘मिकासा’ आणि ‘कोंगो’ ज्यांनी जगाला दिल्या, त्यांच्या नातवंडांना पाणबुडी कशी बांधायची हे बाहेरच्यांनी येऊन दाखवले. तेथे ना पारतंत्र्य होते, ना लाचेचे प्रकरण. मागण्यांत खंड पडला, एवढेच.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. गोदी रिकामी राहू नये म्हणून जुन्याच रचनेची नौका पुन्हा मागवायची, तर नौदलाला कालबाह्य हत्यार मिळते, आणि एकाच गोदीला, एकाच परदेशी भागीदाराला काम देत राहिल्यास किमतीवर अंकुश राहत नाही. खरे आहे. पण याचे उत्तर मागणीच्या आकारात आणि तालात आहे. सहा पाणबुड्या एकदम मागवून त्या संपेपर्यंत पुढचा विचार न करणे, या आपल्या पद्धतीऐवजी कमी संख्येच्या, ठरावीक अंतराने येणाऱ्या मागण्या आणि प्रत्येक तुकडीत सुधारित रचना, असे करता येते. जपानने ‘कोंगो’च्या तीन भगिनींपैकी दोन खासगी गोद्यांना दिल्या, म्हणजे स्पर्धा उभी केली आणि खंडही पडू दिला नाही. त्यासाठी अर्थ मंत्रालयाने वार्षिक अंदाजपत्रकापलीकडे पंधरा वर्षांची बांधिलकी मान्य करावी लागेल. अर्थ मंत्रालयाचा या कल्पनेला विरोध का असतो हे मी जाणतो. बांधील खर्च वाढला की वाईट वर्षी कात्री लावायला जागा उरत नाही. तरीही तेवीस वर्षांच्या पोकळीचा खर्च कुणीतरी एकदा मांडून पाहावा.

दुसरा मुद्दा यंत्रांचा. ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झाली. तिचे पोलाद भारतीय, आणि त्या पोलादाची निर्मिती ही गेल्या तीस वर्षांतील आपली खरीखुरी मिळकत आहे. तिला चालवणारी वायू-टर्बाइने मात्र अमेरिकन रचनेची. आपल्या अलीकडच्या विनाशिकांची मुख्य टर्बाइने युक्रेनची, आणि युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर या गोष्टीचा अर्थ सर्वांना कळला. १९०४ मध्ये भट्टी इंग्लंडात होती. आज भट्टी आपली आहे, इंजिन बाहेरचे आहे. त्यामुळे स्वदेशीची टक्केवारी मोजताना किलोऐवजी कोणता भाग अडल्यास जहाज जागचे हलणार नाही, या कसोटीने मोजणी व्हावी.

समुद्रापासून शेकडो कोस दूर, लखनऊच्या इंदिरा नगरात बसून हे लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. आमच्या नदीच्या नावाची ‘गोमती’ ही फ्रिगेट माझगावला बांधली गेली, १९८८ साली सेवेत आली आणि २८ मे २०२२ रोजी मुंबईत निवृत्त झाली. तिचे अवशेष लखनऊला आणून गोमतीकाठी खुले संग्रहालय उभारण्याचा करार उत्तर प्रदेश शासनाने नौदलाशी त्याच दिवशी केला. ‘गोमती’ ज्या गोदावरी वर्गातील, त्याचा आराखडा भारतीय नौदलाचा. त्याआधी माझगावने ‘निलगिरी’ नावाचीच एक फ्रिगेट बांधली होती. १९७२ मध्ये ती दाखल झाली, आणि तिच्यासाठी सहकार्य करणाऱ्या दोन ब्रिटिश कंपन्यांपैकी एक होती व्हिकर्स. त्या वेळी मात्र आराखडे हाती घेतले गेले, त्या वर्गाची एकामागून एक सहा जहाजे खंड न पडता बांधली गेली, आणि त्यातूनच ‘गोदावरी’ व ‘गोमती’ घडल्या. संग्रहालयात तोफ आणि नांगर ठेवले जातील, मुले त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतील. त्या तोफेशेजारी १९६० च्या दशकातील त्या कराराची एक प्रत काचेखाली ठेवता आली, तर मी ती पाहायला आवर्जून जाईन.

राहता राहिली ‘डफरिन’. सैन्यवाहू म्हणून तिचे दिवस भरल्यावर, पी. एस. शिवस्वामी अय्यर यांच्यासारख्या सदस्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात धरलेल्या आग्रहामुळे, १९२७ साली तिचे प्रशिक्षण जहाजात रूपांतर झाले आणि ती माझगावच्या धक्क्यासमोर नांगरून राहिली. व्यापारी जहाजांवर हिंदी अधिकारी तयार व्हावेत, हा हेतू. नौदलाचे दार हिंदी अधिकाऱ्यांना तेव्हा जेमतेम किलकिले होत होते; ‘मरीन’मध्ये पहिला हिंदी अधिकारी, अभियंता डी. एन. मुखर्जी, १९२८ साली घेतला गेला. ‘डफरिन’च्या पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा एक मुलगा होता. एप्रिल १९५८ मध्ये तो स्वतंत्र भारताच्या नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. बॅरोहून आलेल्या त्या जहाजाने तेवीस वर्षे पलटणी वाहिल्या आणि पंचेचाळीस वर्षे माणसे घडवली. १९७२ साली, म्हणजे माझगावची पहिली ‘निलगिरी’ सेवेत आली त्याच वर्षी, तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. ती जेथे नांगरलेली असे, तेथून माझगाव गोदीतील पाणबुड्यांची कार्यशाळा फार दूर नाही. ‘वागशीर’ गेल्यानंतर तेथे पुढचे कवच केव्हा चढणार, हा प्रश्न विचारण्याचा हक्क संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला आहे, आणि येत्या अधिवेशनात तिने तो विचारावा.